पडद्याआडचे, पडद्यावरचे

आमच्या पिढीतील मराठीच्या प्राध्यापकांचे निम्मे वाङ्मयीन चरित्र कुठल्या ना कुठल्या डीटीपी सेंटरच्या संगणकात पडून आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्यास हरकत घेणार नाही. एम. फिल.चे लघुप्रबंध, पीएच. डी.चे प्रबंध, अभ्यास मंडळाकडे पाठवायचे आराखडे, दिवाळी अंकांकडून साभार परत आलेल्या कथा, पदोन्नतीचे अर्ज आणि त्या अर्जांवर अन्याय झाल्याची निवेदने, हे सारे साताऱ्यात राजवाडा ते मोती चौक या टप्प्यात कोठेतरी टाइप होत असे. २००० सालानंतरची आठदहा वर्षे आमच्या संध्याकाळी अशा एका दुकानातील लोखंडी स्टुलावर गेल्या आहेत.

या दुकानांची रचना सर्वत्र सारखी. पुढे झेरॉक्स यंत्र, मागे स्पायरल बायंडिंगचे सामान आणि मधल्या टेबलावर संगणक. संगणकाचा पडदा ऑपरेटरकडे पूर्ण वळलेला नसे. तो थोडा तिरपा असे, कारण गिऱ्हाइकाला प्रूफ तेथेच बसून तपासायचे असे. आपली फाइल शोधण्यासाठी ऑपरेटर फोल्डर उघडत असे, आणि ती सापडेपर्यंतच्या पंधरावीस सेकंदांत अर्धे शहर आपल्यासमोरून सरकत जाई. ‘वाटणीपत्र अंतिम’. ‘बायोडाटा मोठी मुलगी सुधारित’. ‘राजीनामा नको तो’. ‘सोडचिठ्ठी २’. नावे रोमन अक्षरांत असत, पण मराठी माणसाला ती कळायला वेळ लागत नसे. अशा वेळी आम्ही मान दुसरीकडे वळवत असू, असे येथे लिहिता आले असते तर शोभले असते. आम्ही वळवत नसू. वाचायला शिकलेल्या माणसापुढे अक्षर आले की ते वाचून होते, हे खरे. पण त्यापुढे जाऊन ‘सोडचिठ्ठी १’ कोठे असेल याचाही विचार आम्ही केलेला आहे. ते शहर लहान आहे. आडनाव आणि एखादा शब्द एवढ्यावर बाकीची कथा रचता येते, आणि कथा रचणे हा तर आमचा व्यवसायाचाच भाग.

आपलेही नाव असेच कोणी वाचत असेल, हे आम्हांला त्या स्टुलावर एकदाही सुचले नाही. ते सुचायला सांगलीला जावे लागले.

२०१०च्या फेब्रुवारीत सांगलीच्या एका महाविद्यालयात पत्रवाङ्मयावर चर्चासत्र होते. आमचा निबंध जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांवर होता. सांगलीत हा विषय घेण्यास एक औचित्यही होते. जी.एं.च्या निधनानंतर मौज प्रकाशन गृहाने त्यांची पत्रे चार खंडांत प्रसिद्ध केली. त्यांच्या संपादकांत सांगलीचे म. द. हातकणंगलेकर होते. दोनच वर्षांपूर्वी, २००८ साली, सांगलीतच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले होते. धारवाडात इंग्रजी शिकवणारे, सभासंमेलनांपासून लांब राहणारे, काळ्या चष्म्याआडून जगाकडे पाहणारे जी.ए. पत्रांत मात्र किती मोकळे होत, हे या खंडांनी मराठी वाचकाला दाखवले. आमच्या निबंधाचा सूर मात्र तक्रारीचा होता. तक्रार खंडांच्या नावातल्याच एका शब्दाबद्दल होती. ते नाव ‘जी.एं.ची निवडक पत्रे’ असे आहे. निवडक का? निवडले कोणी, कशासाठी, आणि जे गाळले त्यात काय होते? लेखक गेल्यानंतर त्याचे कागद अभ्यासकाचे असतात; संपादकाने त्यावर पहारा देणे म्हणजे अभ्यासकावर अविश्वास दाखवणे होय, असे आम्ही मोठ्या आवेशाने लिहिले होते. सगळे छापले पाहिजे, हा आमचा सिद्धान्त होता.

सिद्धान्त बॅगेत आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन आम्ही कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा असे करत एसटीने सांगलीला पोहोचलो. प्रोजेक्टर तेव्हा नवलाचा राहिलेला नव्हता, तरी आमच्या हाताला तो सरावाचाही नव्हता. उतारे दाखवण्यासाठी वर्डमधली फाइल उघडायची होती. वर्डच्या २००७च्या आवृत्तीत डाव्या कोपऱ्यात एक गोल बटण असे. ते दाबले की उजव्या बाजूस अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी आपोआप पसरत असे. तिच्यात सतरा नावे मावत, हा आकडा आम्ही पुढे मुद्दाम मोजला. बटण दाबले, तेवढ्यात ध्वनिक्षेपक बंद पडला. एक शिपाई आला, वायर हलवली, दुसरा माइक आणला. आम्ही श्रोत्यांकडे तोंड करून उभे होतो आणि आमच्या पाठीमागे भिंतीएवढ्या पडद्यावर ती सतरा नावे उभी होती. दीड मिनिट असावे.

त्यात आमचा रजेचा अर्ज होता. आईच्या औषधोपचाराची बिले होती. एम. ए.च्या प्रश्नपत्रिकेचा मसुदा होता, आणि समोर दोन ओळी विद्यार्थ्यांच्या होत्या. आम्ही वळून पाहिले तेव्हा आधी धस्स झाले ते त्या प्रश्नपत्रिकेने. घाईघाईने यादी बंद केली, श्रोत्यांत थोडे हसू पिकले, आम्हीही हसलो आणि निवडक या शब्दावरचा आमचा हल्ला सुरू केला.

यादीत एक नाव आणखी होते. आमच्या एका विद्यार्थिनीने लिहिलेले तीसेक पानांचे आत्मकथन त्या आठवड्यात आम्ही वाचत होतो. तिच्या मोठ्या बहिणीला सासरहून परत पाठवले होते, पोटगीचा दावा चालू होता, आणि त्या दोन वर्षांत घरात काय काय झाले ते तिने लिहिले होते. हे लेखन चांगले होते. विद्यार्थ्यांच्या लेखनाबद्दल सवयीने वापरायच्या अर्थाने नव्हे, खरेच चांगले. ‘सर, तुम्ही फक्त वाचा, कुणाला दाखवू नका,’ असे सांगून तिने ते पेन ड्राइव्हवर दिले होते. आम्ही कोणाला दाखवलेही नव्हते. पण फाइलीला नाव दिले होते ते डीटीपीवाल्याने, त्याच्या सोयीसाठी: आडनाव, मग ‘ताई’, मग ‘पोटगी’. या तीन शब्दांपलीकडे काही दिसले नव्हते. मात्र बहिणीचे सासर सांगली जिल्ह्यातले होते आणि श्रोत्यांत त्या गावाकडचे एक शिक्षक होते. उरलेली कथा त्यांनी रचली. आम्ही मोती चौकातल्या स्टुलावर बसून जे करत असू तेच त्यांनी केले, एवढेच. त्यांच्या कथेत भर अशी पडली की धाकटी बहीण पुस्तक लिहिते आहे आणि साताऱ्याचे एक प्राध्यापक ते छापून आणणार आहेत.

दहाबारा दिवसांनी मुलीचे वडील आमच्या घरी आले. तडजोडीची बोलणी चालू होती ती मोडली होती. ते रागावले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी घेतले आणि म्हणाले, “सर, तुमास्नी दोष न्हाई देत. पण पोरीनं लिवलेलं तुमच्यापाशी हुतं. ते तिथवर कसं गेलं, तेवढं सांगा.”

आम्ही सांगू लागलो. प्रोजेक्टर, बटण, आपोआप येणारी यादी. बोलता बोलता आमच्या लक्षात आले की आमचे प्रत्येक वाक्य कर्मणी प्रयोगात आहे: यादी उघडली गेली, नाव दाखवले गेले. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला याची लाज वाटावी, तशी ती वाटली. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजी मशीन आपनहून दावतं व्हय?” होय, म्हटले, आपणहून दाखवते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग उठताना म्हणाले, “मग अशा मशीनपाशी ठेवायचंच कशाला.”

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. फाइल पुसून टाका, एवढेच तिला सांगायचे होते. तिच्यासमोर आम्ही पुसली, कचरापेटीही रिकामी केली. मग खात्रीसाठी वर्ड उघडले, तर यादीत ते नाव तसेच. त्यावर टिचकी मारली तेव्हा फाइल सापडत नाही असा निरोप आला. म्हणजे आत काही नाही आणि दारावर पाटी मात्र शाबूत. ती पाटी कशी काढायची हे आम्हांला त्या दिवशी ठाऊक नव्हते. पुढे कळले की वर्डच्या सेटिंगमध्ये या यादीची संख्या शून्य करता येते. तो पर्याय जेथे होता त्या भागाचे शीर्षक ‘डिस्प्ले’ असे होते. ते आम्ही शून्य केले, फेब्रुवारीनंतर.

त्यानंतरची दोनतीन वर्षे आम्ही या विषयाच्या मागे लागलो, एखाद्याने अनोळखी लिपीमागे लागावे तसे. कळत गेले ते थोडक्यात असे. विंडोज एक्सपीमध्ये चित्रांचा फोल्डर लघुचित्रांच्या स्वरूपात पाहिला की त्या लघुचित्रांची एक लपलेली फाइल त्याच फोल्डरात तयार होत असे. मूळ छायाचित्र पुसले तरी तिच्यात त्याची बोटभर प्रतिमा राहू शके. व्हिस्टापासून ही साठवण फोल्डरांतून हलवून वापरकर्त्याच्या खात्यात एका जागी आणली गेली. राहिली ती राहिलीच. विंडोज ७ मध्ये खालच्या पट्टीवरील प्रत्येक चिन्हावर उजवी टिचकी मारली की त्या त्या प्रोग्रॅमने अलीकडे उघडलेल्या फाइली वर येऊ लागल्या. विंडोज १० मध्ये तर फाइलींची खिडकी उघडताक्षणी आधी अलीकडचे दिसते, मागून बाकीचे. यात कोठेही दुष्टावा नाही. हे सारे सोयीसाठी केलेले आहे, आणि सोय खरोखर होते. आज सकाळी हा लेख आम्ही अशाच एका यादीतून उघडला. ही सोय करणाऱ्याने गृहीत एवढेच धरले आहे की पडद्यापुढे एकच माणूस आहे, तोच मालक आहे, आणि त्याच्या खांद्यावरून कोणी पाहत नाही. साताऱ्यात किंवा सांगलीत असा पडदा आम्ही पाहिलेला नाही. घरात एक संगणक असे, तो बाहेरच्या खोलीत असे, आणि त्यापुढे निदान तीन माणसे असत. सायबर कॅफेत तर मालक नावाचा कोणी नव्हताच. आधीचे गिऱ्हाईक उठून गेले तरी त्याच्या फाइलींची नावे खुर्चीत बसलेली असत.

फाइल स्वतःही पोटात बरेच काही बाळगते. ब्रिटनच्या सरकारने २००३च्या फेब्रुवारीत इराकविषयीचे एक टिपण वर्डच्या फाइलीच्या रूपात प्रसिद्ध केले. त्याचा मोठा भाग इब्राहिम अल-मराशी या अभ्यासकाच्या लेखातून श्रेयनिर्देश न करता उचलला होता, हे केंब्रिजच्या एका अध्यापकाने उघडकीस आणले. वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या आपल्यासारख्यांना ते आवडण्यासारखे आहे; पण आम्हांला अधिक रोचक वाटते ते त्या फाइलीच्या अंतरंगात सापडलेले, ती हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नावांचे दप्तर. छापील कागदावर ती नावे नव्हती. फाइलीला कोणी विचारले नव्हते, तरी तिने लिहून ठेवली होती.

येथे एक गोष्ट आमच्याविरुद्ध जाते ती नोंदवली पाहिजे. मराठीचा संगणकीय मजकूर बराच काळ एका अर्थी पडद्यात होता. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेले मराठी संगणकाच्या लेखी मराठी नव्हतेच. आत रोमन चिन्हांची रांग, आणि वर फाँटाने चढवलेला देवनागरी साज. दुसऱ्या संगणकावर फाइल नेली की साज उतरे आणि अगम्य खिचडी दिसे. त्यात ‘पोटगी’ हा शब्द शोधू म्हटले तर सापडत नसे. आम्ही त्या फाँटांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि युनिकोड आले तेव्हा त्याच्या प्रचाराची व्याख्यानेही दिली. युनिकोडने मराठी मजकूर शोधण्याजोगा झाला, म्हणूनच तो सापडण्याजोगाही झाला. गूगलने २००४ ते २०११ या काळात घरच्या संगणकातील सर्व कागदपत्रे शब्दावरून शोधून देणारा एक प्रोग्रॅम दिला होता. आता तशी शोधपेटी प्रत्येक संगणकात असते. आम्ही ती व्याख्याने मागे घेत नाही. फक्त ती देताना हे सांगायचे राहिले होते.

‘खासगी’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. मराठेशाहीत खासगी म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत, दौलतीच्या हिशेबापासून वेगळी. ‘खासगीवाले’ हे आडनाव त्या कारभारातून आलेले. म्हणजे शब्द मालकीचा होता, नजरेचा नव्हता, आणि तोही वरच्या थरातला. डलहौसीने १८४८मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा केले, सांगलीचे पटवर्धनांचे संस्थान शंभर वर्षांनी विलीन झाले, आणि खासगी हा शब्द हळूहळू रयतेच्या वाट्याला आला. पण रयतेचा व्यवहार त्याआधीही नजरेचा होता आणि त्यासाठी तिच्याजवळ दुसरे शब्द होते: आडोसा, आडपडदा, झाकली मूठ. चाळीच्या किंवा वाड्याच्या जगात भिंती पातळ असल्या तरी ऐकू आलेले ऐकू न आल्यासारखे करण्याची एक रीत होती. (या रीतीचे आम्ही फार गोडवे गाऊ इच्छित नाही, तिच्याआड पुष्कळ सुनांचे रडणेही न ऐकल्यासारखे झाले आहे. आमच्या विद्यार्थिनीने लिहिले होते ते याविषयीच.)

आणि पत्र. पोस्टकार्ड उघडे असते हे लहान पोरालाही ठाऊक होते. पोस्टमन ते वाचणार, शेजारी वाचणार, हे धरूनच त्यावर खुशाली लिहिली जाई. कार्डाचा कोपरा फाडलेला असला की मजकूर वाचण्याआधीच घरात रडे सुरू होई. जे झाकायचे ते पाकिटात जाई. काय कार्डावर लिहायचे आणि काय पाकिटात, हे शिकवायला शाळा लागली नाही. आमची चूक पाहू गेल्यास अशी की आम्ही संगणकाला पाकीट समजलो. तो बंद दिसतो, त्याला परवलीचा शब्द असतो. आणि उघडला की तो कार्डाहून उघडा.

या चुकीला आधार आहे तो ‘डेस्कटॉप’ या नावाचा. पडद्यावर मेज, मेजावर कागद, कागद ठेवायला फोल्डर, ही कल्पना अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत वाढली. १९८१ सालच्या त्यांच्या ‘स्टार’ या यंत्रात ती बाजारात आली आणि १९८४च्या मॅकिन्टॉशने जगभर नेली. ज्या झेरॉक्सचे नाव आपल्याकडे नकलेला पडले त्याच कंपनीने मेजाचीही नक्कल करावी, हे गमतीचे. नक्कल चांगली होती, पण खऱ्या मेजावर माणूस एक गोष्ट नकळत करतो: कोणी आत आले की समोरचा कागद पालथा घालतो. आमचे वडील कारकून होते. त्यांच्या हाताला ही सवय इतकी होती की घरी आम्ही जवळ गेलो तरी वाण्याची यादी पालथी होई. पडद्यावरच्या मेजावर हे करता येत नाही. खिडकी लहान करता येते, बंद करता येते. पण ते आठवणीने करावे लागते, आणि येणारा दारातून येत नाही, तो वायरीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर असतो.

पालथ्या कागदांवरून २०१९चा पूर आठवतो. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. गावभागात तळमजल्यावर राहणारे आमचे एक निवृत्त स्नेही, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होते. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा सारी गल्ली वाळत होती: गाद्या, पुस्तके, सातबाराचे उतारे, लग्नांचे आल्बम. अण्णांच्या पत्नी २०१४मध्ये गेल्या. त्यांची पत्रे ट्रंकेत होती आणि ट्रंक पाण्यात. शेजारच्या दोन बायका ती पत्रे एकेक सोडवून पत्र्यावर पसरत होत्या. आम्ही जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक पत्र लिहिलेली बाजू खाली करून ठेवलेले. शाई पत्र्याला लागेल, असे आम्ही म्हटले. त्यांतली थोरली म्हणाली, “लागू दे की. लोक येत्यात जात्यात.”

अण्णांचा संगणकही बुडाला होता. दुकानदाराने त्यातली तबकडी पुण्याला पाठवून मजकूर काढून आणला. अण्णांबरोबर आम्ही दुकानात गेलो. परत मिळवलेल्या फाइलींना बहुधा नावे नसतात. नुसते आकडे असतात, म्हणून त्या ओळखण्यासाठी लघुचित्रे दाखवतात. दुकानातल्या मुलाने पडदा आमच्याकडे वळवला. “काका, हे तुमचंच ना?” आमच्या मागे आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती. ओळीने चित्रे येत गेली: नातवाचे बारसे, हरिपूरचा संगम, आणि मग रुग्णालयातल्या वहिनी, डोक्यावर केस नसलेल्या. एक नव्हे, पंधरावीस. ती छायाचित्रे अण्णांनी त्या गेल्या त्याच महिन्यात स्वतः पुसली होती; आम्हांला ते त्यांनी सांगितलेही होते. पण संगणक फाइल पुसतो म्हणजे ती जागा मोकळी झाल्याची नोंद करतो; त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तेथेच असतो. पुराने नेले नाही ते, आणि अण्णांनी पुसले तेही, सारे परत आले होते. अण्णा म्हणाले, “होय, आमचंच.” मुलाने आनंदाने सांगितले की एकही फोटो गेलेला नाही.

त्या मुलाचा काही दोष नव्हता. त्याने सगळे वाचवले होते. सगळे वाचवावे, सगळे दाखवावे, हा आमचाही एकेकाळचा सिद्धान्त होता.

हातकणंगलेकर २०१५ साली गेले. आमचा निबंध त्यांच्यापर्यंत कधी गेला नाही, आणि आम्ही तो पुढे कोठे छापलाही नाही. ज्याने मित्राची पत्रे समोर पसरून यातले कोणते जगासमोर ठेवायचे आणि कोणते नाही, हे एकेका पत्रापाशी थांबून ठरवले, त्याच्या त्या थांबण्यात काय होते ते आम्हांला आता थोडे कळते. त्याला पत्र लिहिणारा ठाऊक होता, ज्यांच्याविषयी लिहिले ते ठाऊक होते, आणि वाचणारे कोण असतील याचाही अदमास होता. तरीही त्या निवडीने अभ्यासकाचे काही नुकसान झाले असेलच. हा प्रश्न आमच्यापुरता सुटलेला नाही. जी.एं.नी स्वतः ही पत्रे छापू दिली असती का, हे विचारले तर निवडक खंडांचेही समर्थन अवघड होते. आणि ते खंड नसते तर आमच्या वाचनातून काय गेले असते, याचा हिशेब आम्ही करू धजत नाही.

दरम्यान यंत्रे पुढे गेली. २०२०च्या टाळेबंदीत घरून शिकवताना आपल्यापैकी किती जणांनी धड्याऐवजी आपला अख्खा पडदाच वर्गाला दाखवला, हे ज्याचे त्याने आठवावे. मे २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली: संगणक दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवणार, त्यातली अक्षरे वाचणार, आणि मागाहून कोणताही शब्द टाकला की तो केव्हा पडद्यावर होता ते काढून देणार. हा साठा दुसऱ्याला सहज वाचता येईल असा ठेवला जातो, हे तज्ज्ञांनी दाखवून दिल्यावर जूनमध्ये ती लांबणीवर पडली. पुढे साठा कुलूपबंद करून आणि मालकाने स्वतः चालू केली तरच चालेल असे करून एप्रिल २०२५मध्ये ती नव्या जातीच्या संगणकांवर आली. आमच्या सतरा नावांच्या यादीचा हा पणतू म्हणावा. कायदाही पुढे गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले; २०२३मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. आमच्या प्रकरणात त्याचा उपयोग होता का, म्हणून आम्ही तो वाचून पाहिला. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागू नाही. विद्यार्थिनीने विश्वासाने दिलेले लेखन वाचणे यांपैकी कशात बसते, ते वकिलांनी ठरवावे.

तिने एम. ए. केले, बी. एड. केले, आता एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. बहिणीचा दावा चार वर्षांनी निकाली निघाला. ती तीस पाने तिच्याजवळही उरलेली नाहीत. डीटीपीवाल्याकडे आम्ही स्वतः जाऊन बसलो आणि त्याने आमच्यासमोर आपली प्रत पुसली, तिचा काय अर्थ ते आता कळते. पुन्हा काही लिहिलेस का, असे आम्ही मध्यंतरी एकदा विचारले. “वहीत लिहिते, सर,” ती म्हणाली.

हा लेख लिहायचा की नाही, यावर आमचे वर्ष गेले. लिहून झाल्यावर छापील प्रत पाकिटात घालून तिला पाठवली आणि जे नको असेल ते काट असे सोबत लिहिले. ओळखू येईल असे तपशील आम्ही आधीच बदलले होते. प्रत परत आली तेव्हा चार ओळी आडव्या रेघेने काटलेल्या होत्या आणि एका ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलेले होते. ओळी का काटल्या ते तिने लिहिले नव्हते. आम्ही त्या काढल्या. संगणकात या फाइलीचे नाव ‘लेख ३’ असे आहे.